एका उन्हाळ्यापुरतं कोरडं

वेंडेलीन क्रातोश्काला आपण ओळखत होतो, असं बोहुमीरला छातीठोकपणे कधीच म्हणता आलं नाही. एकेचाळीस वर्षं दोघांच्या परसांमध्ये एकच कुंपण होतं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून कळायचं. पण शेजारी चर्चमध्ये पाऊल का टाकत नाही, मूलबाळ झालं नाही याचं त्याला वाईट वाटतं का, त्याने कधी कुणाचा राग धरला होता का, यातलं काहीही बोहुमीरला सांगता आलं नसतं. विचारायची हिंमत झाली नाही हे एक. आणि विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं वाटत राहिलं, हे दुसरं. त्याला पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की या माणसाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. व्दोवा तळ्यात पुन्हा पाणी हवं होतं.

गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. बाष्टीर म्हणत. बाष्टीर म्हणजे तळ्याचा राखणदार. तळ्यात पाणी राहिलं नाही तरी हाक तीच राहिली.

रादोवच्या जहागिरीत पूर्वी सात तळी होती. एकाचं पाणी दुसऱ्यात उतरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. सगळ्यांत खालचं आणि सगळ्यांत मोठं ते व्दोवा. पाचशे वर्षांपूर्वी जहागीरदार मेल्यावर त्याच्या विधवेने ते बांधून घेतलं, म्हणून नावही विधवाच. पाळ सहाशे पावलं लांब, वर ओकची झाडं, पोटात निळी चिकणमाती. ती माती म्हणे गुरांचे कळप वर्षभर येरझाऱ्या घालायला लावून तुडवली होती. पाळीच्या तळाशी मोरी. पाइनचा एक सबंध सोट पोखरून तिची नळी केलेली. विधवेच्या वेळचीच. वेंडेलीनचा आजा, बाप आणि तो स्वतः, तिघांनी त्याच नळीचा दट्ट्या दर ऑक्टोबरात उपसला, पाणी सोडलं, कार्प मासे धरले आणि नाताळाआधी दट्ट्या परत ठोकला.

वेंडेलीनचा बाप म्हणायचा, लाकूड कायम ओलं ठेवा, नाहीतर कायम कोरडं. मधलं काही त्याला सोसत नाही.

जहागीर सरकारजमा झाली तेव्हा वेंडेलीन एकोणतिशीचा होता. मालक बदलला, माशांना काही त्याचं नव्हतं. पण एकावन्न साली माशांच्या अंगावर तांबडे फोड दिसायला लागले. गाळ आंबला होता. अशा वेळी करायचं काय, हे त्या भागात जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. तळ्याला एक उन्हाळा द्यायचा. म्हणजे मासे काढून झाले की मोरी उघडीच ठेवायची, गाळाला थंडी आणि ऊन खाऊ द्यायचं, वसंतात त्यात ओट पेरायचा, पीक काढायचं आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा पाणी. पुढची दहा वर्षं मासे असे पोसतात की बघत राहावं. आज्याने हे दोनदा केलं होतं, बापाने एकदा.

नव्या राज्यात कुणाला न विचारता काही करायची सोय नव्हती. म्हणून वेंडेलीनने स्वतः अर्ज लिहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुणी भरीस घातलं नव्हतं. स्वच्छ अक्षरात लिहिलं, की व्दोवा तळं एका उन्हाळ्यापुरतं कोरडं ठेवण्याची परवानगी मिळावी. आठ दिवसांत मिळाली. पुढे त्याची बायको लुदमिला म्हणायची, "सरकारने याचं एवढं लवकर कधीच काही ऐकलं नाही. तिथेच संशय यायला हवा होता."

बोहुमीर तेव्हा चोवीस वर्षांचा, सामुदायिक शेतीचा ट्रॅक्टरवाला. बावन्नच्या एप्रिलात तळ्याच्या तळावर पेरणी करायला त्यालाच पाठवलं. बाष्टीर त्याच्यापुढे चालत गेला, कुठे भुसभुशीत आहे, कुठे ट्रॅक्टर रुतेल ते दाखवत.

"मोरीच्या तोंडापासून वीस पावलं लांब राहा," तो म्हणाला.

"वीस? दहाने भागेल की बाष्टीर."

"भागेल. पण माझी झोप भागणार नाही. वीस राहा."

बोहुमीर वीस पावलं लांब राहिला.

ओट आला तो माणसाला झाकून टाकील असा. पाचशे वर्षांचा गाळ होता तो, त्यात काय नाही येणार? जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला आणि त्याने बाष्टीरलाच पिकात उभं केलं. "टोपी काढा," तो म्हणाला, "नाहीतर फक्त टोपीच दिसेल." बाष्टीरने टोपी काढली. फोटोत ओटाच्या समुद्रात एक हसरं डोकं दिसतं. हसला होता तो, हे खरं आहे. गाळ किती चांगला आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ते आता सगळ्यांनी पाहिलं, याचा त्याला आनंद झाला होता.

ऑक्टोबरात दट्ट्या खांद्यावर टाकून तो सामुदायिक शेतीच्या कचेरीत गेला. अध्यक्ष कुबात टेबलाशी बसून सॉसेज खात होता. बोहुमीर तिथे डिझेलची चिठ्ठी घ्यायला आला होता, म्हणून त्याने हे सगळं ऐकलं.

"कॉम्रेड अध्यक्ष, मोरी बंद करायची वेळ झाली."

"कसली मोरी?"

"व्दोवाची. अर्जात लिहिलंय, एक उन्हाळा."

"वेंडा, फोटो पाहिलास का स्वतःचा? अख्ख्या जिल्ह्याने पाहिला. ओट तुझ्या हनुवटीला टेकलाय आणि तू माझ्याकडे मासे मागतोस?"

"गाळाची पुण्याई आहे ती. एक पीक येईल, फार तर दोन. तिसऱ्या वर्षी दलदल होईल."

"तिसऱ्या वर्षी बघू."

"तिसऱ्या वर्षी मोरी सडलेली असेल."

"तिसऱ्या वर्षी बघू म्हटलं ना," कुबात म्हणाला आणि बोटं पुसली. "आणि ते लाकूड इथून घेऊन जा. घाण वास मारतंय."

बाष्टीरने बोहुमीरकडे पाहिलं. बोहुमीर चिठ्ठीकडे पाहत राहिला.

पुढच्या एप्रिलात पुन्हा पेरणीचा हुकूम आला. परवानगी एका उन्हाळ्याची होती आणि हा दुसरा, हे बोहुमीरला कळत होतं. पण हुकूम होता. तो पेरायला लागला. तिसऱ्या फेरीला मान वर केली तर पाळीवर ओकांखाली बाष्टीर उभा. त्याने हात वर केला. नमस्कार म्हणून केला की थांब म्हणून, ते बोहुमीरला समजलं नाही. त्यानेही हात वर केला आणि फेरी पुढे नेली. नंतर कधीतरी विचारता आलं असतं. पंचावन्न साली बोहुमीर लग्न करून बाष्टीरच्या शेजारच्या घरात राहायला आला, त्यानंतर तर रोजच विचारता आलं असतं. नाही विचारलं.

तिसऱ्या वर्षी खरोखरच दलदल झाली. सातू जागच्या जागी पिवळा पडला. आता तरी शहाणपण सुचेल, असं वाटायचा अवकाश, वरून चर खणायचा आदेश आला. तळ्याची नोंद तोवर शेत म्हणून झाली होती, आणि शेतात पाणी साचत असेल तर ते काढायला हवं, यात चूक कुठे आहे? चर खणणाऱ्या टोळीत पहिलं नाव बाष्टीरचं. कुठल्या झऱ्याचं पाणी कुठून येतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? दोन वर्षं तो आपल्याच तळ्याचं पाणी काढत होता. ओली पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून संध्याकाळी घरी यायचा, पायऱ्यांवर बसून बूट उलटे करायचा, त्यातून पाणी पडायचं ते बघायचा.

मोरीपाशी मात्र त्याने काही होऊ दिलं नाही. नळीच्या तोंडाभोवती हिरवळीच्या ढेकळांचं एक आळं केलं आणि चरातून बादलीने पाणी आणून ते भरत राहिला. लाकूड ओलं राहायला हवं. हिवाळा सोडला तर आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात रोज. पाळीवरचं गवत कापायचा. काटेरी झुडपांची मुळं मातीत शिरून वाट करतात म्हणून ती उपटायचा. घुशी आणि कोल्ह्यांची बिळं बुजवायचा. जिला पाण्याचा थेंब अडवायचा नव्हता अशी पाळ सबंध प्रांतात तेवढी नीट दुसरी नव्हती.

लोक बोलायचेच. गावातली बिअर हलकी होती, जिभा नव्हत्या.

"काय बाष्टीर, विधवा नांदते ना नीट?"

"नांदते," तो म्हणायचा. "तुझ्या बायकोसारखी ओरडत नाही."

सगळे हसायचे, तोही हसायचा, आणि ग्लास अर्धा ठेवून उठून जायचा. घरी लुदमिला दारातच उभी असायची. "कोबी दोन दिवस तहानलेला आहे, आणि हे निघाले तिला पाजायला. मी मेल्यावर माझ्याही थडग्याजवळ आळं करा म्हणजे झालं." अडुसष्ट साली ती गेली. बाष्टीरने तिच्या थडग्यावर फुलझाडं लावली आणि तिथेही तो बादली घेऊन जायला लागला. हे बोहुमीरने पाहिलं आहे.

चौऱ्याहत्तर साली कापणीची मोठी यंत्रं आली. ती पाळीवरून जाईनात, वळसा लांबचा पडे. म्हणून पाळीत खिंड पाडायचं ठरलं. बाहेरगावचा बुलडोझर आला तेव्हा बाष्टीर आधीच तिथे जाऊन उभा होता. तो आडवा पडेल, आरडाओरडा करील, असं वाटून दोनचार लोक मजा बघायला जमले होते. तो चालकाजवळ गेला आणि म्हणाला, "एक सांगू का? वरची काळी माती या अंगाला टाका. आतली निळी त्या अंगाला. मिसळू नका."

"का हो काका? कुंड्या करणार?"

"परत घालायची आहे."

चालक हसला. पण मनाने वाईट नव्हता, सांगितलं तसं त्याने केलं. दोन ओक पडले, आठ पावलांची खिंड पडली आणि बाजूला निळ्या मातीचा घराएवढा ढीग उभा राहिला. चिकणमाती सुकली की तडकते, मग ती पाणी धरत नाही. बाष्टीरने ढिगावर हिरवळीचे तुकडे लावून तो झाकून टाकला. तेव्हापासून बादल्यांच्या खेपा वाढल्या. मोरीला, लुदमिलाला आणि ढिगाला.

अशी आणखी पंधरा वर्षं गेली. ती सगळी एकसारखी होती, त्यांच्याविषयी सांगण्याजोगं काही नाही.

मग राज्य बदललं. सामुदायिक शेती मोडली, व्दोवाची जमीन तुकडे पडून गावकऱ्यांना मिळाली आणि त्यांतल्या कुणालाही ती ओली जमीन कसायची नव्हती. चर तुंबले. एका वसंतात तळ्याच्या मधोमध आपोआप लव्हाळा उगवला आणि त्यात पाणकोंबड्या आल्या. शहरातून पत्रक आलं, की जुनी तळी पुन्हा भरायची योजना आहे, गावांनी नावं कळवावीत. नवा सरपंच पेशेक बाष्टीरच्या घरी स्वतः चालत आला. "खिंड बुजवायला माती कुठून आणायची एवढाच प्रश्न आहे," तो म्हणाला. बाष्टीर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. तो टोपी घालून उठला आणि पेशेकला ढीग दाखवायला घेऊन गेला.

बोहुमीरने त्याला त्या वर्षी शीळ घालताना ऐकलं. आधी त्याला वाटलं, रेडिओ लागलाय.

त्याच उन्हाळ्यात होलुबोवा आली. प्रांताच्या कचेरीतून जुन्या बांधकामांची मोजणी करायला आलेली, तिशीची, तांबूस केसांची, हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. पाळ बघून ती खुळावलीच. अशी पाळ तिने कुठे पाहिली नव्हती. ना बिळं, ना झुडपं, उतार जिथल्या तिथे. बाष्टीर तिच्या मागेमागे काठी धरत फिरला. आयुष्यभरात तो बोलला नसेल तेवढं त्या महिन्यात तिच्याशी बोलला. मोरीचं आळं उकरून त्याने तिला नळी दाखवली तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि लाकडाला हात लावून म्हणाली, "हे जिवंत आहे!"

"मग काय तर," बाष्टीर म्हणाला. "रोज पाजतो."

ती म्हणाली, या पाळीला संरक्षण मिळायला हवं, नाहीतर उद्या कुणीही येऊन माती उचलून नेईल. गावातल्याच कुणी अर्ज केला तर लवकर होईल. बाष्टीरने आयुष्यातला दुसरा अर्ज लिहिला. पहिल्याइतक्याच स्वच्छ अक्षरात. बोहुमीरची साक्षीदार म्हणून सही घेतली. बोहुमीरने आनंदाने केली. बाष्टीरसाठी आपण काहीतरी करतोय, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. सही करून झाल्यावर बाष्टीरने दोन पेले प्लमची दारू ओतली.

"पाण्याच्या नावाने," तो म्हणाला.

निकाल लागायला वर्ष लागलं. होलुबोवा कागद घेऊन स्वतः आली, येताना केक घेऊन आली. परसात बाकावर बसून तिने वाचून दाखवलं. पाळ, खिंड आणि मोरी यांना कायमचं संरक्षण. तिथे एक फावडं माती घालायची नाही, एक फावडं काढायची नाही. खिंडीच्या कडेला मातीचे थर उघडे पडले आहेत, ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहेत. मोरीची नळी काढून संग्रहालयात न्यायची. शेजारचा मातीचा ढीग अलीकडचा असल्यामुळे हटवायचा. कुंपणापलीकडे बोहुमीर कांदे सुकत घालत होता. त्याचे हात थांबले.

"छान," बाष्टीर म्हणाला. "मग पाणी कधी?"

होलुबोवाला आधी कळलंच नाही. "पाणी? नाही हो बाष्टीर. पाणी भरलं तर पाळ झिजेल."

"पाणी अडवायलाच बांधलीय ती."

"तेव्हा. आता ती... आता ती तशी नाही." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "खिंड बुजवल्याशिवाय पाणी राहणार नाही, आणि खिंड बुजवता येणार नाही. मला वाटलं, तुम्हाला हे माहीत आहे."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," बाष्टीर म्हणाला.

मग त्याने तिला विचारलं, केकसाठी सुरी आणू का? ती रडायला लागली. त्याने सुरी आणली, केक कापला, तिला दिला, बोहुमीरला कुंपणावरून एक तुकडा दिला. पेशेकने दोन पत्रं लिहिली, होलुबोवानेही एक लिहिलं म्हणतात. उत्तरं सभ्य होती. शहरातल्या योजनेत रादोवच्या जागी दुसऱ्या गावाचं नाव गेलं.

ढीग हटवायला माणसं आली तेव्हा बाष्टीर तिथे गेला खरा, पण या वेळी त्याने कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी निळी आणि काळी एकत्रच भरली आणि गावाच्या खेळाच्या मैदानाकडेच्या खड्ड्यांत नेऊन टाकली. नळी संग्रहालयात गेली. एकदा बोहुमीर त्याला आपल्या श्कोडातून ती बघायला घेऊन गेला. लांब पत्र्याच्या हौदात नळी पाण्याखाली होती, वय ठरवायला तिचा एक काप कापून घेतलेला. बाष्टीरने पाण्यात बोट बुडवलं.

"हात लावू नका," पहारेकरीण म्हणाली.

"पाणी कितीदा बदलता?"

"मला माहीत नाही, आजोबा. मी तिकिटं बघते."

परतीच्या वाटेवर बोहुमीरने ऐंशी किलोमीटरभर मनात वाक्यं जुळवली. दुसऱ्या पेरणीचं सांगायचं होतं, त्या हुकुमाचं, आणि सहीचंही. बाष्टीरच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा त्यातलं एकही वाक्य जुळलेलं नव्हतं. "सांभाळून उतरा," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर बाष्टीरने पाळीवर जाणं सोडलं. पहिल्या वर्षी गवत गुडघ्यापर्यंत आलं, दुसऱ्या वर्षी काटेरी झुडपं उभी राहिली. विद्यार्थ्यांची बस आली की तो घरात जायचा. बादली पालथी पडून होती. लुदमिलाच्या थडग्याकडेही तो जाईनासा झाला. तिथली झाडं बोहुमीरच्या बायकोने जगवली.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात, एका बुधवारी सकाळी तो गेला. झोपेतच. मंगळवारी दुपारी बोहुमीर कुंपणाशी गेला होता. काहीतरी बोलावं असं पुन्हा मनात होतं. बाष्टीर पायऱ्यांवर बसून बटाटे सोलत होता, सालं जाड निघत होती.

"बाष्टीर, पाळीवर झुडपं फार माजलीत," बोहुमीर म्हणाला. "मी जाऊन कापून येऊ का?"

"नको. दंड करतील."

"झुडपं कापल्याबद्दल?"

"त्यांचं काही सांगता येत नाही." त्याने बटाटा पाण्यात टाकला. "पाववाल्याची गाडी कधी येते आता?"

"गुरुवारी."

"माझ्यासाठी एक घेऊन ठेव. अर्धा देत असेल तर अर्धाच."

"देतो तो अर्धा."

"मग अर्धा."

"बरं," बोहुमीर म्हणाला.